रिकाम्या बेटाची टेप

१

दीनानाथांनी चौतीस वर्षं पुण्यात एका सरकारी कचेरीत काढली. शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क म्हणून. एवढ्या काळात त्यांनी इतके दाखले दिले की, माणूस आहे की नाही हे माणसाकडे बघून ठरवायची त्यांची सवयच मोडली. निवृत्त झाले, बायको गेली, आणि २००४ सालच्या फेब्रुवारीत मुलाकडे नऊ महिन्यांसाठी न्यूझीलंडला आले, तेव्हा त्यांना वाटलं, चला, कागद सुटले. पण कागद असा कुणाला सोडत नाही.

मुलगा संग्राम वेलिंग्टनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत. सून विनिताही त्याच धंद्यात, फक्त दुसऱ्या कंपनीत. घर पोरिरुआला. तिथल्या एका जुन्या टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत पक्षी वाचवणाऱ्या एका छोट्या संस्थेचं ऑफिस होतं. विनिता मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी त्यांना तिथे सोडायची. "तुम्हाला घरी कंटाळा येऊ नये म्हणून हो, बाबा." घराला त्यांचा कंटाळा येऊ नये म्हणून, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संस्थेचा पक्षी एकच. काळा टॉमटिट, मुठीत मावेल एवढा, आवाज मात्र लग्नातल्या सनईवाल्यासारखा खणखणीत. अख्ख्या जगात तो एकाच बेटावर उरला होता, आणि बेट केवढं, तर आपली पर्वतीची टेकडी उचलून समुद्रात ठेवली तर जेवढी दिसेल तेवढं. एखादं वादळ आलं किंवा एखादी गाभण उंदरीण बोटीतून उतरली की कारभार आटोपला. म्हणून काही पक्षी दुसऱ्या एका निर्मनुष्य बेटावर हलवायचे घाटत होतं.

त्याआधी पाहायचं होतं की त्या नव्या बेटावर आधीच कुणी हक्क सांगणारा बसलेला नाही ना. त्याची रीत साधी होती. जंगलात स्पीकर ठेवायचा. त्यातून टॉमटिटचं गाणं वाजवायचं, मग चार सेकंद थांबायचं, पुन्हा गाणं, पुन्हा चार सेकंद. ज्याला ती जागा आपली वाटते तो त्या चार सेकंदांत उत्तर देतो. शेजारच्या रेकॉर्डरवर ते भरलं जातं. त्या कॅसेटी पोरिरुआत आल्या की कुणीतरी कानाला हेडफोन लावून बसायचं आणि प्रत्येक उत्तरामागे एक रेघ मारायची. ते कुणीतरी म्हणजे दीनानाथ.

जुन्या बेटाच्या टेपांवर रेघाच रेघा होत्या. दीनानाथांना आनंद झाला. इतकी तत्पर उत्तरं त्यांना कुठल्याही खात्याकडून कधी आली नव्हती.

मग नव्या बेटाच्या अकरा टेपा आल्या. प्रत्येक नव्वद मिनिटांची. त्यांनी पहिली टेप पाच मिनिटं ऐकली. गाणं, वारा. गाणं, वारा. जिथे पक्षीच नाही तिथलं साडेसोळा तास काय ऐकायचं? त्यांनी हेडफोन काढले, डब्यातले पोहे खाल्ले, तक्त्यातल्या अकरा चौकटींत वळणदार अकरा शून्यं काढली आणि खाली सही केली.

"अकराही ऐकल्यास, दिना?" ऑफिस सांभाळणाऱ्या ग्लेनिसने विचारलं. ती शाळेतली निवृत्त कारकून. सहीखाली सही करायला तिलाही आवडायचं.

"हो तर."

"स्वीट ॲज," ग्लेनिस इकडच्या भाषेतलं 'झकास' म्हणाली, आणि तिने सही केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बारा पक्षी बोटीतून नव्या बेटावर गेले.

२

गुढीपाडव्याला मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. श्रीखंड होतं, ढोल होता, पायांत जँडल, म्हणजे इकडच्या रबरी सपाता, घालून नऊवारी नेसलेल्या बायका होत्या. दीनानाथांनी आपल्या सहा वर्षांच्या नातीला, श्रियाला, कौतुकाने पुढे घेतलं आणि चारचौघांत विचारलं, "सांग बाळा, गुढी का उभारतात? काल सांगितलं होतं की नाही तुला?"

श्रियाचे वरचे दोन दात नुकते पडले होते. तिने आजोबांकडे पाहिलं, मग जमलेल्या मंडळींकडे, आणि म्हणाली, "आजोबा, टॉक नॉर्मल. नोबडी टॉक्थ लाइक दॅट."

सगळे हसले. एक बाई "सो क्यूट!" असं किंचाळल्या. संग्रामही हसला. दीनानाथ हसले नाहीत. साहेबाने चौतीस वर्षांत कधी भर कचेरीत त्यांचा असा पाणउतारा केला नव्हता, आणि केला असता तर तो दाताची कवळी नसलेल्या वयात केला असता, निदान उलट उत्तर स्पष्ट उमटलं असतं. आता ते चिडले की 'श'च्या जागी शिट्टी वाजायची.

घरी परतताना गाडीतच ठिणगी पडली.

"बाबा, ती समजते सगळं," संग्राम म्हणाला. "आन्सर इंग्लिशमध्ये देते, एवढंच."

"समजायचं तर आपल्या मोत्यालाही."

"बाबा!" विनिता मागे वळली. "माझ्या मुलीची तुलना कुत्र्याशी करताय?"

"मोत्या निदान हाक मारली की आपल्या भाषेत भुंकायचा."

मागच्या सीटवर श्रिया काचेवर बोटाने मासे काढत होती. दीनानाथांच्या कानशिलात मात्र रात्रभर घण पडत होते. नोव्हेंबरात मी जाणार, मग या घरात मराठी बोलणार कोण? फ्रीज? जाण्याआधी या पोरीच्या तोंडून मराठी काढली नाही, तर नावाचा दीनानाथ नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. रागाच्या भरात घेतलेल्या शपथेला साक्षीदार नसतो हेच बरं असतं.

३

रीत त्यांना माहीतच होती. वाक्य म्हणायचं, चार सेकंद थांबायचं.

ग्लेनिस त्याच आठवड्यात नव्या बेटाच्या टेपा कचऱ्यात टाकायला निघाली होती. नोंद झाली होती, आता त्यांचं काम नव्हतं. पाठकोऱ्या कागदावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं बघवणार? दीनानाथांनी अकराही कॅसेटी मागून घेतल्या, सोबत जुना रेकॉर्डरही.

त्यांची खोली गॅरेजला लागून होती. तिला इकडे 'स्लीपआउट' म्हणतात. नावातच हुकूम आहे. तिथे बसून त्यांनी बेटावरच्या वाऱ्यावर आपला आवाज भरला.

"पाणी दे." चार सेकंद. "मला भूक लागली." चार सेकंद. "सकाळी शाळेत जायचं." चार सेकंद.

पहिल्या दोन टेपा प्रेमळ होत्या. तिसरी भरायच्या दिवशी संग्रामशी पुन्हा वाजलं, आणि वाक्यांचा नूर बदलला. "माझी भाषा मला येत नाही, याची मला लाज वाटते." चार सेकंद. "मी आजोबांचा अपमान केला." चार सेकंद. हे सहा वर्षांच्या पोरीने म्हणायचं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. राग न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला की त्याला सगळंच कायदेशीर दिसतं.

रोज दुपारी साडेतीनला श्रिया शाळेतून यायची. मार्माइट फासलेला टोस्ट घेऊन स्लीपआउटमध्ये बसायची, रंगीत खडू काढायची. टेप सुरू व्हायची. श्रिया बोलायची नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. दीनानाथ डोळे वटारायचे, ती रंगवत राहायची.

अकराव्या दिवशी ते टेप लावून चहा करायला घरात गेले. आधण ठेवलं आणि खिडकीतून, अंगणापलीकडून, ऐकू आलं. आधी त्यांचा आवाज: "मला भूक लागली." मग लहान मुलीचा: "मला भूक लागली."

चहा तसाच टाकून ते धावले. म्हातारपणी माणूस असा दोनच वेळा धावतो. दारात पोचले तर श्रियाचे दोन्ही गाल टोस्टने टम्म फुगलेले. अशा तोंडाने 'हं'सुद्धा म्हणता आलं नसतं.

"बोललीस? आत्ता तू बोललीस ना?"

तिने मान हलवली, घास गिळला. "नो. थी डथ इट."

"ती? ती कोण?"

श्रियाने खडूने रेकॉर्डरकडे दाखवलं. "थी डथ इट फॉर मी." दुसऱ्याने गृहपाठ करून दिला की मुलं जशी सांगतात, तसं.

४

दुसऱ्या दिवशी घर रिकामं होतं. दीनानाथांनी कागदावर चौकटी आखल्या, हेडफोन लावले आणि या वेळी टेप खरोखर ऐकली.

पहिली पंधरा मिनिटं काही नाही. आपलाच आवाज, आणि कवळीची ती शिट्टी. "ससकाळी शशाळेत जायचं." मग चार सेकंद. त्या चार सेकंदांत खोलीतली शांतता असायला हवी होती, कारण ती टेप त्यांनी याच खोलीत भरली होती, खिडक्या लावून. पण तिथे वारा होता. आणि वाऱ्यात, फार लांबून, "सकाळी शाळेत जायचं."

त्यांनी रेघ मारली. हात सवयीने आधी चालला, भीती मागून आली.

टेप संपेपर्यंत सत्तावीस रेघा झाल्या. आवाज कधी लांब, कधी जरा अलीकडे.

दीनानाथ अडाणी नव्हते. घरी कपाटभर पुस्तकं होती आणि ती त्यांनी वाचलेली होती. भुताखेतांवर त्यांचा विश्वास मंत्र्यांच्या आश्वासनांइतकाच होता. म्हणून गुरुवारी त्यांनी ग्लेनिसला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"टेपचा आवाज टेपवरच पुन्हा उमटतो का गं?"

"उमटतो की," ग्लेनिस म्हणाली. "पट्टी गुंडाळलेली असते ना, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. एका पापुद्र्यावरचा आवाज दुसऱ्यावर लागतो. जुन्या टेपांत फार. आणि वारा म्हणशील तर आधीचं भरलेलं नीट पुसलं गेलं नसेल. रेकॉर्डर माझ्याइतका जुना आहे."

बरं वाटलं. घरापर्यंतची बस येईस्तोवर बरंच वाटत होतं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं: आपलाच आवाज उमटला असेल, तर शिट्टीसकट उमटेल. तिकडून येणारा 'श' धुतल्या तांदळासारखा होता.

आणि सहाव्या टेपवर आणखी एक गोष्ट होती. "मी आजोबांचा अपमान केला" हे वाक्य आधी त्या आवाजात येत होतं. मग चार सेकंद. मग दीनानाथांच्या आवाजात, शिट्टीसकट, शहाण्या मुलासारखं, मागून म्हटलेलं.

त्यांनी ती टेप बंद केली आणि सगळ्या टेपा पलंगाखाली ढकलल्या. फेकल्या नाहीत. उद्या कुणाला पुरावा दाखवायचा झाला तर, असं मनाला सांगितलं. खरं कारण असं की, पोरीला मराठी शिकवायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता आणि हार मानायची तयारी नव्हती.

५

त्या रविवारी जेवताना विनिताने श्रियाला विचारलं, "मोअर राइस, स्वीटी?"

श्रिया जरा थांबली. मग म्हणाली, "पाणी दे."

संग्रामच्या हातातला घास खाली पडला. "श्रिया! व्हॉट डिड यू से? पुन्हा बोल, पुन्हा बोल!"

ती थांबली. "सकाळी शाळेत जायचं."

संग्रामने उठून व्हिडिओ कॅमेरा आणला. विनिताने डोळे पुसले. "बाबा, यू वेअर राइट. मी उगाच बोलले तुम्हाला," ती म्हणाली, आणि दीनानाथांच्या पानात आमटी वाढली. आयुष्यात सून पहिल्यांदा चुकल्याचं कबूल करत होती, आणि दीनानाथांना तो आनंद चाखता येत नव्हता. ते नातीच्या तोंडाकडे पाहत होते. वरचे दोन दात अजून आलेले नव्हते. खिंडार तसंच होतं. त्या खिंडारातून 'स' स्वच्छ येत होता.

पुढच्या दिवसांत त्यांनी आणखी पाहिलं. ती आपणहून काही बोलत नव्हती. कुणी काही म्हटलं की बोलायची, आणि दर वेळी मध्ये तेवढीच जागा सोडायची. घड्याळ लावायची गरज नव्हती. दोन महिने त्यांनी तेच अंतर ऐकलं होतं.

इंग्रजी मात्र पार बंद झालं.

६

मे महिन्यात नव्या बेटावरून टेपा आल्या आणि ऑफिसात केक आला. तासाला नव्वद उत्तरं! बारा पक्ष्यांनी बेट गाजवलं होतं. ग्लेनिसने दीनानाथांनाही बशीत मोठा तुकडा दिला.

"पक्षी कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत म्हणजे काय, चोहीकडून गातायत! संस्थेची पोरं तिथे चार दिवस राहून आली. झाडी दाट आहे म्हणून दिसला एकही नाही, पण गाणं ऐक तू."

दीनानाथांनी हेडफोन लावले. गाणं, चार सेकंदांत उत्तर. गाणं, उत्तर. सुरेख होतं. संस्थेच्या स्पीकरमधलं गाणं ज्या कुणी कापून जोडलं होतं त्याचा हात जरा जड असावा, कारण गाण्याच्या शेवटी प्रत्येक वेळी 'टक्' असा बारीक आवाज यायचा. जुन्या बेटावरचे पक्षी उत्तर देताना अर्थातच ते 'टक्' करत नसत. पक्ष्याला काय ठाऊक कात्री?

या उत्तरांत ते 'टक्' होतं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी, जिथल्या तिथे.

त्यांनी हेडफोन काढले. "ग्लेनिस, हे पक्षी नाहीत."

"मग काय आहे, म्युनिसिपालिटी?"

"त्या अकरा टेपा. नव्या बेटाच्या. मी त्या ऐकल्या नव्हत्या."

ग्लेनिसने बशी खाली ठेवली. पुढचं ती फार हळू बोलली, त्यामुळे जास्त लागलं. "तू सही केलीस."

"केली."

"मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, हो."

"पुढची तुकडी थांबव. काहीही सांग, पण..."

"पुढची तुकडी आज पहाटे निघाली, दिना. वीस पक्षी. जुन्या बेटावर आता सात उरलेत." ती उठली. केक झाकण्याचा चाळा केला, मग तोही सोडला. "तू सांगितलंस बेट रिकामं आहे. एवढीशी गोष्ट होती. कान लावून बसायचं. तेवढंसुद्धा नाही करता आलं तुला?"

चौतीस वर्षांत लोकांनी त्यांना बऱ्याच शिव्या दिल्या होत्या, काउंटरच्या त्या बाजूने. एकही इतकी खरी नव्हती. राग आला, सवयीने आला, पण काढायचा कुणावर?

७

"काय केलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

जुलैतली दुपार. शाळेला सुट्टी लागली होती आणि विनिता रजा टाकून घरी होती. ती स्लीपआउटच्या दारात उभी होती.

"विनिता, हे बघ..."

"नऊ आठवडे! नऊ आठवडे ती माझ्याशी बोललेली नाही! शाळेतल्या बाई म्हणाल्या, टर्मभर इंग्लिशमध्ये एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणतात, कान ठीक, घसा ठीक. मला वाटलं, चला, आता मराठी बोलते तर मराठीत बोलू. काल मांडीवर घेतलं, म्हटलं, बाळा, आईला सांग ना काय झालंय. काय म्हणाली माहितीये?"

दीनानाथांना माहीत होतं.

"'मी आजोबांचा अपमान केला.' तीन वेळा. मी रडत होते आणि ती तेच म्हणत होती. हे तुम्ही शिकवलंत? सहा वर्षांच्या मुलीला? इतका राग? कशाचा, बाबा? ती इंग्लिश बोलली म्हणून? मला माझी मुलगी कोणत्याही भाषेत चालली असती हो. बडबड करायची, माझं डोकं उठवायची. ती कुठे गेली?"

दीनानाथ उत्तर शोधत होते. प्रत्येक अर्जाला उत्तर असतं.

विनिता धाडकन निघून गेली. दीनानाथांनी पलंगाखालून अकराही टेपा ओढल्या आणि दारासमोरच्या फरशीवर आणून टाचेने फोडायला सुरुवात केली. "घे! आणखी शीक! शीक म्हणतो ना!" असं ओरडत त्यांनी तपकिरी पट्ट्या मुठी भरभरून ओढल्या. दक्षिणेकडून बोचरा वारा सुटला होता. पट्ट्या हिरवळीवरून सरपटत कुंपणाकडे गेल्या, तिथे फ्लॅक्सची दाट, माणसाएवढी पाती माजली होती, त्यात शिरल्या.

त्यांनी मान वर केली तेव्हा श्रिया हिरवळीवर बसलेली दिसली. त्यांच्याकडे पाठ करून, फ्लॅक्सकडे तोंड करून.

८

"पाणी दे," श्रिया म्हणाली.

तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती आपणहून बोलली होती. दीनानाथ जागच्या जागी थांबले. एक, दोन, तीन, चार.

"कॅन आय हॅव थम वॉटर?" फ्लॅक्समधून आलं.

बोबडं, दोन दात नसलेलं, नऊ आठवड्यांपूर्वीचं. अगदी तिचंच.

"मला भूक लागली," हिरवळीवरची म्हणाली.

"मम, आय ॲम हंग्री," फ्लॅक्समधली म्हणाली. "इट्थ कोल्ड. कॅन आय कम इन नाऊ?"

वाळत घातलेले कपडे काढायला विनिता घराच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, आली होती. तिच्या हातातली टोपली सुटली. "श्रिया?"

"मम! आय ॲम हिअर!"

विनिता अनवाणी धावली. हिरवळीवर बसलेल्या मुलीच्या इतक्या जवळून गेली की तिच्या स्वेटरची बाही मुलीच्या केसांना लागली असावी. ती थांबली नाही. तिने बघितलंदेखील नाही. तिने दोन्ही हात खांद्यापर्यंत त्या पात्यांत घातले.

"विनिता, नको!" दीनानाथ ओरडले. वारा आता फिरून समोरून येत होता; आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

ती वळली तेव्हा तिच्या कडेवर काहीतरी होतं. दीनानाथांना फक्त एक लहान हात दिसला, तिच्या मानेभोवती घट्ट टाकलेला. आयुष्यभर मोजण्याची सवय असलेल्या माणसाने त्या हाताची बोटं मोजली नाहीत. विनिता हसत होती, रडत होती, "बोल, राणी, बोल, कितीही बोल," म्हणत होती. ती तशीच डेक चढून आत गेली. काचेचं दार सरकलं. कडी लागली.

दीनानाथांनी त्या काचेवर दोन्ही मुठी आपटल्या. "दार उघड! विनिता! अगं आपली पोर बाहेर आहे! डोळे फुटले का तुझे? टाक ते! खाली टाक!" विनिताने खांद्यावरून एकदा पाहिलं. त्यांच्याकडेच पाहिलं, मागच्या हिरवळीकडे नाही. पिसाळलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग तिने पडदा ओढला. पडद्याआड इंग्रजीत बडबड सुरू झाली, अखंड, श्वास न घेता.

ते परत आले. कसेबसे मुलीशेजारी ओल्या हिरवळीवर टेकले आणि समोर बघत त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात गरम होता. अर्थात दोन्ही तळव्यांत धरला की कुठलाही हात गरम लागतो.

"आजोबा," ती म्हणाली, "मला आत घ्या ना."

हे वाक्य त्यांनी कुठल्याही टेपवर भरलेलं नव्हतं.

सव्वापाचला अंधारून आलं आणि संग्रामची गाडी आत शिरली. तो उतरला, घाईने आला, हिरवळीच्या कडेला थबकला.

"बाबा? अहो, थंडी किती आहे. आत चला."

"आधी हिला घे."

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतोस, गाढवा! पोटची पोर आहे तुझी!"

संग्राम शेजारी उकिडवा बसला. त्याने आवाज खाली आणला, डॉक्टर आणतात तसा. "बाबा, श्रिया आत आहे. विनिताचा फोन आला होता. बोलायला लागली परत. शी इज फाइन. उठा, मी धरतो तुम्हाला." त्याने वडिलांच्या कोपराला हात घातला.

दीनानाथांना एवढंच करायचं होतं की मान वळवायची आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं. क्षणाचं काम. मानेचे स्नायू तयारही झाले होते. पण पाहिलं आणि तिथे भलतंच काही असलं तर? आणि काहीच नसलं तर?

"ही माझी नात आहे," ते समोर बघत म्हणाले. "आणि मी तसं लिहून द्यायला तयार आहे."

त्यांच्या तळव्यातला हात जरा घट्ट झाला.